तीसपैकी तेवीस, जिल्हा भंडारा

माणूस भानावर आहे की नाही, हे त्या माणसावर सोडून चालत नाही. त्यासाठी फॉर्म लागतो. हे सत्य फार थोड्यांना उमगलं. त्यांतले एक म्हणजे इंद्रकुमार साहेब, (मुंबईच्या नव्हे, गोंदियाच्या) गोरेगावच्या अलीकडे धानाच्या बांध्यांमध्ये उभ्या असलेल्या 'पुनर्भान मेंदू-इजा निवासी पुनर्वसन केंद्रा'चे व्यवस्थापक.

केंद्रात खाटा चौदा, रहिवासी बारा आणि फॉर्म एकवीस प्रकारचे. डोक्याला मार लागलेली, मेंदूत रक्तस्राव झालेली माणसं इथे पुन्हा चालायला, बोलायला, बटणं लावायला शिकतात. व्यायाम मनापासून करवून घेतात, भातही ऊन ऊन मिळतो. तक्रारीला जागाच नाही (वही भरली आहे, नवीन मागवली आहे).

बारांतले एक दुधराम रहांगडाले, चोरखमाऱ्याकडचे धानवाले शेतकरी. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं आलं. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, म्हणून त्याला ओरखडाही आला नाही. दुधरामचा मात्र उजवा हात लुळा पडला आणि शब्द इकडचे तिकडे झाले. चहा मागायला गेले की तोंडातून 'छत्री' निघायचं. आता ते डाव्या हाताने बटणं लावतात, बाराही जणांना चहा वाटतात, आणि कोणाला साखर चालत नाही हे एकदाही चुकत नाहीत. पण चहाला फॉर्ममध्ये रकाना नाही.

रकाना आहे भानपरीक्षेला. दर सोमवारी सकाळी दहाला, एकूण गुण तीस. चोवीस मिळाले की गृहरजा, म्हणजे चार दिवस घरी जायची परवानगी. तारीख, महिना, ऋतू, जिल्हा विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात. शिवाय सुरुवातीलाच तीन शब्द ऐकवतात, कात्री, पेरू, जहाज, आणि ते अगदी शेवटी विचारतात. (वाचकांनी पाठ करत बसू नये. परीक्षा आजाऱ्यांची आहे.) गेल्या वर्षी अशा सहाशे चोवीस परीक्षा झाल्या, उत्तीर्ण शून्य. यावरून केंद्राची परिसराला किती गरज होती ते सिद्ध होतं, असं वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत छापलं आहे.

दुधरामना दर सोमवारी तेवीस पडत. तीनही शब्द ते धडाधड सांगत. वाक्य दरवेळी एकच लिहीत, डाव्या हाताने, वाकडंतिकडं: 'मले घरी जायचं हाये.' कर्ता, क्रियापद सगळं जागच्या जागी, म्हणून पूर्ण गुण. गुण जात ते इतरत्र. कागदाची घडी 'उजव्या हाताने' घालायची असते, तिथे तीन गेले. तारीख आणि महिना केंद्राच्या कॅलेंडरप्रमाणे तपासतात. खताच्या दुकानाचं ते कॅलेंडर लेखी आदेशाशिवाय उलटता येत नाही आणि आदेश सप्टेंबरनंतर आलेला नव्हता, म्हणून 'कार्तिक' हे उत्तर चूक धरलं. ऋतू विचारला तर म्हणाले 'धानकापनी'. तो ऋतू उत्तरपत्रिकेत नाही.

आणि जिल्हा. परीक्षा घेणाऱ्या चेतना मॅडम बिचाऱ्या चांगल्या होत्या. जिल्ह्याचा प्रश्न आला की त्या 'गों' असं खोकायच्या. काही उपयोग नाही. दुधराम ठासून सांगायचे, "भंडारा."

"अहो काका, जिल्हा वेगळा होऊन पंचवीस वर्षं उलटली!"

"मी जन्मलो तवा भंडाराच होता जी. जिल्हा फोडला तवा मले कोनी इचारलं का?"

वास्तविक या माणसाची स्मृती कमी नव्हती, जरा जास्तच होती. पण फॉर्म कमी मोजायला छापलेला होता.

या सोमवारी मात्र तो एक गुण हवाच होता. दुसऱ्या दिवशी गावची मंडई. (भाजीची नव्हे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते ती. जिलेबी, फुगे, नाचगाण्याची दंडार, आणि झाडून सारे पाहुणे.) लेक हर्षा तीन महिन्यांच्या पोरीला घेऊन येणार होती आणि परवा परत जाणार होती. ही नात दुधरामनी अजून पाहिली नव्हती. फोटो पाहिला होता, पण त्यात टोपडंच जास्त होतं. बाळाला केंद्रात आणून दाखवावं, तर भेटायला येणाऱ्याने दारावर स्वतःचं नाव स्वतः सांगावं असा नियम आहे, आणि बाळाने सहकार्य केलं नाही.

बायको सुमित्राबाई पिशवीत नवा सदरा घेऊन हजर होत्या. निकाल लागला. तेवीस. दुधरामनी डाव्या हाताने सदरा पिशवीत आणखी खाली सारला.

"रूल तो रूल है, भाभीजी," इंद्रकुमार साहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी पाहू."

"मंडई उद्या हाये साहेब! पुढच्या सोमवारलोक पोरगी काय थांबून राहील?" सुमित्राबाई उसळल्या. "आन हा सप्टेंबर कायले लटकवून ठेवला?"

त्यांनी कॅलेंडरचं पान ओढलं. कॅलेंडर खिळ्यासकट हातात आलं, आणि मागे काचेच्या चौकटीतली नियमावली दिसली. इतक्या सोमवारी बाकावर बसून भिंतीवरचं सगळं त्यांचं वाचून झालं होतं. नवीन मजकूर मिळताच त्यांनी बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

नियम चौदा: गृहरजेवर सही करणारा अधिकारी त्याच आठवड्यात भानपरीक्षा उत्तीर्ण असावा. अनुत्तीर्ण झाल्यास त्यास दाखल करून घ्यावे.

नियम पंधरा: अशा वेळी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या व्यक्तीकडे प्रभार राहील. प्रभारी अधिकाऱ्यास प्रत्येकाला एक ग्रेस मार्क देता येईल.

साहेब नियमाचे पक्के. परीक्षेच्या खुर्चीत जाऊन बसले.

तारीख विचारली तर त्यांचा हात खिशाकडे गेला. मोबाईल चार्जिंगला होता. शंभरातून सात गेले, त्र्याण्णव आले, पुढे त्यांनी कॅल्क्युलेटर मागितला. जिल्हा गोंदिया अगदी छाती काढून सांगितला. कागदाची घडी घालताना सवयीने टाचणी मारली. वाक्य लिहिलं: 'सविनय सादर, योग्य त्या कार्यवाहीस्तव.' क्रियापद नाही, शून्य गुण. तीन शब्दांपैकी एक आठवला, दुसरा 'फाइल' असा सांगितला. एकूण एकोणीस.

परीक्षकाला परीक्षा देता येत नाही (नियम नऊ), म्हणून चेतना मॅडम बाद. बाकी अकरा रहिवासी बावीसच्या आत. प्रभार दुधरामकडे आला. त्यांचा कार्यकाल अकरा मिनिटांचा, आणि केंद्राच्या इतिहासातला सर्वांत वेगवान. त्यांनी सर्वांना एकेक ग्रेस मार्क दिला, स्वतःच्या चोवीस गुणांवर डाव्या हाताने सही केली, आणि खाली पत्ता लिहिला: जिल्हा भंडारा.

साहेबांना खोली चारमध्ये खाट मिळाली. त्यांनीही लगेच रजेचा अर्ज केला, घरी बायको जेवायची थांबली होती. ग्रेस धरून वीस. दुधरामना फार वाईट वाटलं. "पुढच्या सोमवारी पाहू साहेब," ते म्हणाले. "येताना शिंगाडे आनतो तुमच्यासाठी."

मंडईत हर्षाने पोरगी बापाच्या डाव्या हातावर ठेवली. दुधरामचे डोळे भरून आले. कितीतरी वेळ शब्दच सापडला नाही, आणि या वेळी दोष मेंदूचा नव्हता. मग त्यांनी विचारलं, "बाई, जिल्हा कोनता?"

पोरगी बोळकं पसरून हसली. दुधरामनी तिला तीसपैकी तीस दिले.

आता आपलं काम तेवढं राहिलं. सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते. वर न पाहता सांगा.

आठवत असतील तर उत्तमच. नसतील, तर खोली चारमध्ये साहेबांच्या शेजारची खाट रिकामी आहे. येताना ताट, वाटी आणि दोन फोटो आणावेत. साखर चालत नसेल तर दुधरामना एकदाच सांगावं, त्यांच्या लक्षात राहतं.