चालु, चालु!

"माझी कोकिळा? घडाघडा तेलुगू बोलती! आईनं येऊन ऐकावं!" असा निरोप नर्सय्यानं वरंगलला धाडला, आणि म्हातारी खरंच यायला निघाली!

नर्सय्याची ही लेक आईविना वाढलेली, शेजारच्या पारूबाईच्या कडेवर. त्यामुळं तोंडी सगळी मराठीच. नर्सय्या लहानपणीच चुलत्याच्या मागावर विणायला परभणीला आलेला. दिवसभर धोटा बोले, हा गप्प; त्याची स्वतःची तेलुगूही गंजलेली. म्हातारीनं दम भरला होता, "नातीला आपली भाषा येत नसेल तर मी तिला इकडं घेऊन जाते." पोरीशिवाय घर त्याला सोसलंच नसतं, म्हणून ही थाप!

निजामी गेली, शुक्रवारची सुट्टी जाऊन रविवारची आली, तेव्हापासून राजय्या गुरुजी साळ्यांच्या पोरांना दर रविवारी मारुतीच्या देवळात तेलुगू शिकवत. नर्सय्यानं घाईघाईनं कोकिळाला तिथं बसवलं. रविवार मिळाले तीन!

म्हातारीला घरी पोचवून तो तसाच गुरुजींना आणायला पळाला. परीक्षेला मास्तर हाताशी हवा ना! इकडं म्हातारी अंगणात पाय धुवायला बसली. कोकिळा तांब्यानं पाणी घालू लागली.

"चालु, चालु!" म्हातारी म्हणाली.

कोकिळानं धार वाढवली.

"चालु! चालु!"

"अगं, चालू म्हनायल्यात त्या! वत की!" पारूबाई स्वतःची घागर घेऊनच धावली. "लय हौस हाय बाई पान्याची!"

म्हातारी जितकी ओरडे, तितका पाण्याला जोर येई. रांजण रिकामा झाला. म्हातारी चिंब, अंबाडा सुटलेला, तरी तिचं "चालु!" चालूच!

नर्सय्या गुरुजींना घेऊन दारात आला आणि किंचाळला, "अगं थांबा! चालु म्हंजे पुरे!"

म्हातारीनं पदर पिळला. तेलुगूत म्हणाली, "हेच का घडाघडा? पोरगी उद्या माझ्याबरोबर येणार."

शब्द नाही, पण राग पोरीला कळला. कोकिळा आत पळाली, कोरडं लुगडं घेऊन आली, आणि तिला येत असलेलं एकुलतं एक अख्खं वाक्य हुंदके देत म्हणाली, "अव्वा, ना दग्गर कूसो."

आजी, माझ्याजवळ बस.

म्हातारी बसली. तिथंच, चिखलात! नातीला मांडीवर घेतलं आणि हसता हसता रडली. नर्सय्यानं गुरुजींचे पाय धरले. पारूबाईचेही धरावेसे वाटले, घागरीसकट. पोर वाढवली तिनं, आणि राखली गुरुजींनी.

"पोरगी राहू दे इथंच," म्हातारीनं निकाल दिला. "ती शिकतीय. पण तू मघाशी ओरडलास, ते कोणत्या भाषेत रे?"

पुढच्या रविवारी देवळात शेवटच्या रांगेत, सहा वर्षांच्या दोन पोरांमध्ये, नर्सय्या पाटी घेऊन बसला होता! आठवडाभरात म्हातारी मात्र पारूबाईकडून बरीच मराठी शिकली होती. तो अडखळत वाचत असताना दारातून तिचा आवाज आला, "चालु!"

कोणत्या भाषेतलं, ते नर्सय्याला कळेना. विचारायची छाती होईना. म्हणून तो आपला वाचतच राहिला.