एकोणीस ‘नये’

जुळणीकार जेवून परत आला, तेव्हा छपाईयंत्रातून एक फलक बाहेर येत होता आणि त्यावर एकच शब्द होता. तीन फुटी पांढऱ्या सनबोर्डावर, या काठापासून त्या काठापर्यंत, काळ्याभोर अक्षरांत: ‘नये.’

“हे काय?” छापखान्याचे मालक आधीच तिथे उभे होते.

“नये,” जुळणीकार म्हणाला.

“ते मलाही वाचता येतं. काय नये?”

ते जुळणीकारालाही ठाऊक नव्हते. भिंतीशी असेच अठरा फलक ओळीने उभे होते.

“पाच वाजता इस्पितळाचे व्यवस्थापक येतायत,” मालक म्हणाले. “उद्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. एकशेचाळीस फलक नीट दिसले नाहीत, तर काम दुसरीकडे जाईल. आणि कामाच्या मागोमाग तुम्ही.”

वास्तविक हे काम जुळणीकाराच्या हातचा मळ होता. तीन रविवार घालवून त्याने एक मॅक्रो लिहिला होता. म्हणजे संगणकाला एकदाच पढवून ठेवलेले काम. मॅक्रोने फाइल उघडायची, एक ओळ वाचायची, तिचा एक फलक करायचा, अक्षरे फलक भरेल इतकी ताणायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. फाइल संपेपर्यंत माणसाने जेवून यावे. प्रश्न होता तो फक्त मजकूर टाइप करण्याचा, आणि त्यासाठी घरी सासरेबुवा होते.

सासरेबुवांनी चाळीस वर्षे कचेरीत टंकलेखन केले होते. निवृत्तीनंतर ते सोफ्याच्या हातावर बोटे आपटत बसत. “बाबांच्या हाताला काहीतरी काम द्या,” बायको म्हणाली होती, “नाहीतर सोफा तरी बदला.” काम देणे स्वस्त पडेल असे जुळणीकाराला वाटले होते.

त्याने फाइल उघडली. ‘रुग्णांच्या नातेवाइकांनी जिन्यात बसून मोठमोठ्याने बोलू’ ही एक ओळ. ‘नये.’ ही दुसरी. मॅक्रोने इमानेइतबारे दोन्हींचे दोन फलक केले होते. त्याने घरी फोन लावला.

“बाबा, एक सूचना एका ओळीत टाइप करा म्हटलं होतं ना? मध्येच तोडलीत कशाला?”

“तोडली कुठे? घंटा वाजली, ओळ बदलली.”

“कुठली घंटा? संगणकाला घंटा नसते, बाबा!”

“आमच्या टाइपरायटरला होती, ओळ संपत आली की वाजायची. आता ती आतच वाजते, जावईबापू.”

सगळ्या ओळी हाताने जोडायला पाऊण तास लागला असता. पण ज्याला मॅक्रो लिहिता येतो, तो माणूस पाऊण तासाचे काम हाताने करत नाही. ते यंत्राकडून करून घेण्यात तो दोन तास घालवतो. पूर्णविराम दिसेपर्यंत ओळी जोडत जा, असे त्याने मॅक्रोला शिकवले. सासरेबुवा वाक्याचा पूर्णविराम कधी चुकवत नसत. मात्र खोल्यांच्या नावांना पूर्णविराम नसतो. साडेतीनला यंत्रातून एकच फलक बाहेर आला. त्यावर प्रसूतिगृहापासून शवागारापर्यंत चव्वेचाळीस खोल्या एका दमात, मोहरीएवढ्या अक्षरांत बसवल्या होत्या.

मालकांनी चष्मा पुसून तो वाचून पाहिला. “शवागार आणि उपाहारगृह एकत्रच आहे का हो?” त्यांनी अतिशय शांतपणे विचारले.

त्याने पुन्हा घरी फोन केला आणि सासरेबुवा रिक्षाने आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कचेरीत निघाल्यासारखे.

“बाबा, आता नीट ऐका. सगळं पुन्हा टाइप करायचंय. ओळ सोडून. मॅक्रोला मी सांगून ठेवतो, रिकामी ओळ आली की सूचना संपली.”

“ओळ सोडून ना? मग आधीच सांगायचं! साहेबांचे सगळे मसुदे मी तसेच करायचो.”

बोटे अशी चालली की मालकसुद्धा बघत उभे राहिले. तासाभरात फाइल तयार झाली. जुळणीकाराच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते. त्याने मॅक्रो चालवला. पहिला फलक नातेवाइकांच्या जिन्यात ‘बोलू’पाशी थांबला. दुसरा हळूहळू बाहेर सरकू लागला. आधी ‘न’ आला. मग ‘ये’.

पहिले पाढे पंचावन्न.

“बाबा, ओळ सोडून म्हटलं होतं मी!”

“सोडली की! प्रत्येक ओळीनंतर एक. साहेबांना मध्ये दुरुस्त्या करायला जागा लागायची.”

जुळणीकार खुर्चीत बसला. पाच वाजायला दोन मिनिटे होती आणि दारात व्यवस्थापक उभे होते. चेहऱ्यावरून ते ओरडायच्या तयारीनेच आले होते. उद्घाटन डोक्यावर आलेल्या माणसाला ओरडायला वेगळे कारण लागत नाही. त्यांनी तोंड उघडले, तोच समोरच्या भिंतीकडे त्यांची नजर गेली. नये. नये. नये. एकोणीस वेळा.

त्यांनी तोंड मिटले.

मग व्यवस्थापक जपून म्हणाले, “मी आत्ता ओरडणार होतो.”

“हो,” मालक म्हणाले.

“नाही ओरडलो.” ते एका फलकाजवळ गेले. “जुन्या इमारतीत एवढाल्या सूचना लावल्यात. लोक ‘येथे थुंकू’पर्यंत वाचतात आणि थुंकून मोकळे होतात. हे बरं आहे. माणसाच्या मनात जे काही असेल, ते नये. हे एकोणीस द्या, आणखी चाळीस करा. बाकीचे सकाळपर्यंत चालतील. डोकं कुणाचं हे?”

मालकांनी जुळणीकाराकडे बोट दाखवले. जुळणीकाराने, संस्कार आडवे आल्याने, सासऱ्यांकडे.

“घंटा वाजली, बदलली ओळ,” सासरेबुवा विनयाने म्हणाले.

उरलेल्या सूचना जुळणीकाराने हाताने जोडल्या. बरोबर पाऊण तास लागला. तो उठला, तेव्हा मालक सासरेबुवांसाठी खिडकीजवळची खुर्ची पुसत होते. ती जुळणीकाराची खुर्ची होती.

“उद्यापासून बाबा इथेच बसतील,” मालक म्हणाले. “मजकुराचं सगळं तेच बघतील. तुम्ही त्यांच्या हाताखाली. तुमची काही हरकत?”

हरकत होती. तीन रविवारांची होती, चव्वेचाळीस खोल्यांची होती, खुर्चीची होती. जुळणीकाराने बोलायला तोंड उघडले आणि वर पाहिले. मालकांनी विसावा फलक छापखान्यासाठी ठेवून घेतला होता. तो दारावर लागलासुद्धा होता.