सूचनांचा रकाना

शहराच्या टोकाला असलेल्या ओसाड किनाऱ्यावर दगडाची खाण काढण्याचा आणि खाणीपर्यंत रस्ता नेण्याचा प्रस्ताव विचाराधीन असल्याची नोटीस विकास कार्यालयाच्या फळ्यावर रीतसर लागली. ती कोणाला वाचता येऊ नये इतक्या उंचावर लावली होती. तरी निवृत्त हेडक्लार्कांनी ती वाचली, कारण छत्तीस वर्षं अशा नोटिसा त्याच उंचीवर त्यांनी स्वतः लावल्या होत्या.

हेडक्लार्कांना समुद्राचं तसं काही कौतुक नव्हतं. पण त्यांची बायको रोज सकाळी वाळू तुडवत तिथल्या कड्यापर्यंत जायची आणि कपारींतली पक्ष्यांची घरटी मोजून यायची. घरटं वाढलं की दिवसभर नवऱ्याशीसुद्धा गोड बोलायची. कडा फुटला तर हिचं काय होईल, या विचाराने त्यांनी नोटिशीची तारीख टिपून घेतली.

हजार सह्या असल्या तर महिनाभरात हरकत घेता येत होती. त्यांनी लगेच अर्ज आखला: अनुक्रमांक, नाव, पत्ता, सही आणि सूचना.

"हा शेवटचा रकाना कशाला?" बायकोने विचारलं. "किनाऱ्याला हात लावू नका, एवढंच सांगायचंय ना?"

"अगं, सूचनांचा रकाना नसला की कागद कसा उघडाबोडका दिसतो. कार्यालयात घेणार नाहीत."

बायकोने पहिली सही ठोकली. मग ते दारोदार फिरले. शिंपी, दातांचे डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे कळवळून म्हणाले, "वाचलाच पाहिजे किनारा!" त्यातले निम्मे तिकडे कधी फिरकलेही नव्हते. आपण नेमकं काय वाचवतोय ते बघावं म्हणून काहीजण मुद्दाम जाऊन आले, बुटांत वाळू घेऊन परतले आणि सूचनांच्या रकान्यात मनापासून लिहू लागले. हेडक्लार्कांनी फक्त सह्या मोजल्या. सूचना वाचायच्या नसतात, हे ते नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

चार हजार एकशे बारा सह्या झाल्या. कार्यालयातल्या साहेबांनी उभं राहून गठ्ठा स्वीकारला आणि पंधरा दिवसांत निकाल आला: खाण रद्द!

"तुमच्या कारकुनीचा आज पहिल्यांदा अभिमान वाटला हो," बायको म्हणाली. हेडक्लार्कांना इतका आनंद झाला की निकालाचं दुसरं पान उलटायचं राहून गेलं. ते बायकोने उलटलं. तिथे रस्ता मंजूर झाला होता.

हेडक्लार्क तडक कार्यालयात गेले. "साहेब, आमची हरकत रस्त्यालाही होती!"

"होती ना. पण तुमच्याच हरकतदारांपैकी तीन हजार नऊशे जणांची सूचना आहे, गाडी जाईल असा रस्ता करा. शिवाय वाहनतळ, कठडा, दिवे, बाकं. एका आजोबांनी पक्षी फार ओरडतात असं कळवलंय, त्यासाठी समिती नेमली आहे." साहेब दुखावल्यासारखे दिसले. "लोकभावना डावलू म्हणता?"

"आणि रस्त्याला दगड कुठून आणणार?"

"कड्यातून. लांबून आणायचा तर 'काम लवकर करा' या आठशे सूचनांचा अवमान होईल."

"म्हणजे खाणच की ती!"

"खाण रद्द आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "हे संवर्धनपूरक उत्खनन."

हेडक्लार्कांनी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "काहीच करू नका, असं एकानेही लिहिलं नाही?"

साहेबांनी गठ्ठा चाळला. "आहे, एक बाई आहेत. अक्षर सुरेख आहे हो त्यांचं."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. रस्त्यावर हरकत घ्यायला सात दिवस होते. तिने स्वतः पट्टी घेऊन चार रकान्यांचा नवा अर्ज आखला आणि दोघं पुन्हा निघाले.

परवा ते तुमच्याकडेही आले होते. तुम्ही त्यांना बसायला खुर्ची दिलीत, कार्यालयाच्या नावाने बोटं मोडलीत, झोकात सही केलीत. सूचना लिहायला जागाच नव्हती, म्हणून पेन परत देताना नुसतं तोंडी विचारलंत, "आत्ता गाडी कुठपर्यंत जाते हो?"