आहेराच्या साडीची उमापूर स्वारी

श्री. चौसाळे मुक्कामी, महामार्गाच्या अंगास, दूध डेअरीमागच्या घरातून, सेवक राधाकिशन, पेशा कनिष्ठ महाविद्यालयी अर्थशास्त्र शिकविणे, याने लिहिले ऐसे जे: सौभाग्यवती छबुबाईसाहेब, या घरच्या धनीण, यांनी हुकूम फर्माविला की, उमापूरच्या वास्तुशांतीस जो प्रकार जाहला तो खराखुरा लिहून काढावा, मध्ये आपले शहाणपण घालू नये, आणि पुन्हा कपाटास हात लावण्याची बुद्धी जाहली तर आधी हा कागद वाचावा. हुकूम शिरसावंद्य मानून लिहिले आहे. बखरीचा नायक आणि बखरकार एकच असल्याकारणे नायकाची तारीफ थोडी जास्त पडेल, ती वाचणाऱ्याने वजा करून घ्यावी.

राधाकिशनराव म्हणजे बहुत विद्यावंत पुरुष. जे जे डोळ्यांस पडे त्यात त्यांस अर्थशास्त्र दिसे. काळीपिवळी जीप खचाखच भरल्याशिवाय बीडकडे हलत नाही म्हणून सगळे उतारू ड्रायव्हरास शिव्या देत, तेव्हा राव प्रसन्न होऊन शेजारच्यास शेवटच्या उतारूचे महत्त्व समजावीत, आणि मग शेजारचा उठून टपावर जाऊन बसे. घरी नागिणीचा सिनेमा लागला आणि मंडळी मण्यासाठी जीव टाकू लागली की राव म्हणत, मणी एकच आहे म्हणून मोलाचा, उद्या साऱ्या नागिणींनी मणी आणले तर बाजारात लिंबे आणि मणी एका भावाने जातील. मग रिमोट त्यांच्या हातून जप्त होई. मालिकेतली सासू कंबरेस किल्ल्या खोवून हिंडू लागली की मक्तेदारीचा धडा सुरू होई, आणि मंडळी आवाज वाढवीत. वर्गात तर रावांचा अंमल ऐसा की 'मागणी' म्हणताच मागचे बाक निजत, आणि 'पुरवठा' म्हणेतो पुढचे. इतकी मोठी विद्या आणि कदर करणारा कोणी नाही, याचे रावांस फार वाईट वाटे.

या घरी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा म्हणजे बाईसाहेबांचा जामदारखाना. तेथे आहेरात आलेल्या साड्या पिशवीसकट थप्प्या लावून ठेविलेल्या असत. त्या नेसावयाच्या नव्हत. आपल्या मुलखाची चाल ऐसी की आहेराची साडी एका लग्नात घरी येते, कपाटात विसावा घेते, आणि दुसऱ्या लग्नात तिसऱ्याच घरी रवाना होते. टॉवेल-टोपीचेही तेच, टॉवेलास पाणी आणि टोपीस डोके जन्मात लागत नाही. यात कायदा एकच आणि तो बहुत कडक: ज्या घरून साडी आली त्या घरी ती परत जाता नये. गेली तर दोन घरांचे बोलणे बंद होते, आणि ते मयतीलाच पुन्हा सुरू होते. यास्तव बाईसाहेबांनी बंदोबस्त केला होता की, गेवराईकडच्या पाहुण्यांच्या साड्या उजव्या थप्पीत आणि केजकडच्या डाव्या थप्पीत. उजवीकडची साडी केजकडे जायची आणि डावीकडची गेवराईकडे. कागद नाही, चिठ्ठी नाही, सारा कारभार बाईसाहेबांच्या डोक्यात, आणि कधी चूक जाहली नाही.

ऐसे असता बाईसाहेब माहेरी तेलगावास गेल्या आणि राव अंग पुसावयास टॉवेल धुंडाळीत जामदारखान्यात शिरले. थप्प्या पाहोन त्यांस एकाएकी साक्षात्कार जाहला. ते मनात म्हणाले की, ही वस्त्रे नव्हत, हे चलन आहे! कोणी वापरीत नाही, पुढचा घेईल या भरवशावर मागचा घेतो, आणि जी साडी बरी असते ती बायका ठेवून घेतात, मग भिकार तेवढी हिंडत राहते. हा तर थेट पुस्तकातला सिद्धांत, खराब चलन चांगल्यास बाजारातून हुसकावून लावते. रावांस ऐसा आनंद जाहला की ते ओल्या अंगाने तेथेच बसले. आणि मग ज्याचे चलन त्याने शिस्तीत ठेवावे, ऐसा विचार करून त्यांनी दोन्ही थप्प्या मोडिल्या आणि रंगावर लाविल्या: लाल, पिवळ्या उजवीकडे, हिरव्या, निळ्या डावीकडे. कपाट बंद केले आणि बाईसाहेबांस चकित करावे म्हणून एक अक्षर बोलले नाहीत. विद्वान माणसाकडून ऐसेच होते.

आता मोहिमेचे कारण. रावांस कन्या एक, संस्कृती. तिची पहिली सोयरीक केजकडे जमत आली होती, पण आहेराच्या टोपीत कोणाच्या डोक्याच्या तेलाचा डाग निघाला आणि तेवढ्यावर मोडली. पोर तेव्हा रडली नाही, गप्प राहिली, आणि तेच बापास सोसले नाही. पुढे गेवराईकडील उमापूरचे मोहनराव आणि केसरबाई यांचे चिरंजीव विजयसिंह यांच्याशी बोलणे लागले. जुने नाते होतेच. गेल्या उन्हाळ्यात केसरबाईंच्या थोरल्या कन्येच्या लग्नात छबुबाईसाहेबांस मानाची साडी मिळाली होती. मुलाने मुलीस पाहिले, मुलीने मुलास पाहिले, आणि मग ती भाकरी थापता थापता मोबाइलकडे पाहून हसू लागली. हसणे घरात परत आले होते. सुपारी तेवढी फुटावयाची राहिली होती. इतक्यात मोहनरावांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती आली आणि तिचे आवतण आले.

कूच सकाळी जाहले. बाईसाहेबांचे बंधू बंकट तेलगावाहून गाडी घेऊन हजर. बाईसाहेब केसात फुले माळीत होत्या, त्यांनी रावांस हुकूम केला की, डाव्या थप्पीतली खालून दुसरी साडी आणा, ती केसरबाईंस द्यावयाची. रावांनी इमानेइतबारे डाव्या थप्पीतली खालून दुसरी आणिली, नारळासकट पिशवीत घातली, आणि स्वारी बीडावरून, गेवराईवरून उमापुरात दाखल जाहली. मांडव मोठा, मंडळी दाट, मोहनराव फेटा बांधून उभे. पिशवी केसरबाईंच्या हाती गेली आणि त्यांनी न उघडता आतल्या खोलीत ढिगावर ठेविली. त्या घरची चाल ऐसी की जेवणे आटोपल्यावर बायका जमून एकेक आहेर उलगडून दाखवीत, आणि दाराशी बसून मोहनरावांचे चुलतबंधू मुंजाजी माइकवर देणाराचे नाव पुकारीत.

पंगत बसली. वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. राव बंकटाशेजारी बसले, पोट भरले, आणि पोट भरले म्हणजे त्यांची विद्या वर येते. मग त्यांनी आहेर म्हणजे चलन हा सिद्धांत विस्तारे सांगितला, आणि आपण जामदारखाना रंगावर कसा लाविला हेही अभिमानाने सांगितले. बंकटाचा घास हातातच राहिला.

"दाजी, ताईनं सकाळी डावीकडचीच मागितली ना? मग आता डावीकडं काय हाय?"

"हिरव्या, निळ्या. काय सुरेख दिसतंय बे कपाट!"

"आन् केसरबाईनं ताईला गेल्या साली दिलती, ती कंच्या रंगाची?"

राव मोरपंखी म्हणाले आणि मग त्यांस आपण काय म्हणालो ते ऐकू आले. सकाळी पिशवीत घातलेली साडी मोरपंखी होती. पुढे बुंदी वाढणारा आला आणि निघून गेला, रावांस कळले नाही.

पाण्याच्या टँकरमागे खलबत भरले. बाईसाहेबांनी सगळे ऐकिले. रावांस वाटले की आता तोफ सुटेल, पण बाईसाहेब ओरडल्या नाहीत, एकच बोलल्या, "पोरीला काय सांगू मी?" आणि डोळे पुसले. रावांच्या आजवरच्या आयुष्यात याहून मोठी शिकस्त जाहली नाही. मग मसलत ठरली की बंकटाने बाजारात धावून नवी साडी आणावी, बाईसाहेबांनी आत शिरून ती बदलावी. बंकट घोड्याच्या वेगाने गेला आणि हात हालवीत परत आला, कारण कापड दुकानदार सहकुटुंब पंगतीतच बसला होता आणि दुसऱ्यांदा बुंदी मागत होता. इकडे जेवणे उठली. बायका मांडवात जमू लागल्या. मुंजाजी दारात खुर्ची टाकून, माइक हाती घेऊन, वाटच अडवून बसले.

तेव्हा राव म्हणाले की, आता खासा आम्हीच जातो. मग त्यांनी मुंजाजींकडे जाऊन अर्ज केला की, होणारा व्याही या नात्याने दोन शब्द बोलावयाचे आहेत. होणाऱ्या व्याह्यास नाही कोण म्हणणार? माइक मिळाला. आणि रावांनी 'गृहबांधणी आणि राष्ट्रीय उत्पन्न' या विषयास हात घातला. विटेपासून सुरुवात केली. वाळूवर आले. सिमेंटाच्या मागणीवर येईतो पहिली रांग जांभया देऊ लागली, पण व्याही बोलत असता उठणे बरे दिसत नाही म्हणून एकही बाई जागची हलेना. मोहनराव मान डोलावीत होते, ती हळूहळू खाली गेली आणि खालीच राहिली. बंकटाने टँकरास टेकून डोळे मिटले. पुरवठ्याचा शब्द निघताच मुंजाजींची हनुवटी छातीवर आली, पाय बाजूस सरला, वाट मोकळी जाहली, आणि बाईसाहेब पदर सावरीत आत गेल्या. रावांच्या विद्येचा इतका उपयोग यापूर्वी कोणासच जाहला नव्हता.

आत काय जाहले हे सेवकाने पाहिले नाही, बाईसाहेबांनी परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा सांगितले, तेच लिहितो. खोलीत ढिगापाशी साक्षात केसरबाई एकट्या बसलेल्या, मांडीवर मोरपंखी साडी. पळावयास वाट नाही. केसरबाईंनी वर पाहिले.

"बसा. ही मीच तुमाला दिलती."

बाईसाहेब बसल्या. लबाडी सुचली असती तर केली असती, पण सुचली नाही. त्यांनी खरे तेच सांगितले, "आमच्या मालकानं साड्या रंगावर लावल्या. मला ठावं न्हाई."

"कावून?"

"अर्थशास्त्र म्हनं."

केसरबाईंनी पदर तोंडाशी धरला. बाईसाहेबांस वाटले राग आवरतात. पाहतात तो हसू आवरीत होत्या. मग त्या जवळ सरकून हळू बोलल्या, "तुमाला सांगते, कुनाला बोलू नका. मलाबी ही आमच्या नणंदबाईनं दिलती. त्या भाईर म्होरंच बसल्यात. ही मांडवात उघडली असती तर तुमच्या आदी माझीच गत झाली असती. फिरून फिरून परत आली असंल का, म्हनून तर मी पिशव्या चाचपाया आले!"

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता बाईसाहेबांस रडूही आले. कोण कोणाच्या पाठीवर हात फिरवीत होते ते दोघींस आठवत नाही. हसणे ओसरल्यावर केसरबाईंनी पिशवी फाडिली आणि साडी उलगडिली, आणि दोघी बघतच राहिल्या. बारीक बुट्टी, मऊ पोत, पदर तर डोळ्यांत भरे ऐसा. कोणी कधी उलगडलीच नव्हती! ती भिकार म्हणून हिंडत नव्हती. हिंडत होती म्हणून जो तो तिला भिकार समजत आला होता. रावांच्या सिद्धांतास तेथेच भोक पडले.

बाहेर राव वीजबिलापर्यंत पोहोचले होते, घसा कोरडा पडला होता, आता पुढे काय बोलावे ते कळत नव्हते. इतक्यात दार उघडले आणि केसरबाई तीच मोरपंखी साडी नेसून मांडवात आल्या.  चलन चालत येताना रावांनी प्रथमच पाहिले. पुढच्या रांगेतून नणंदबाई उठल्या, पदर बोटांत धरून पारखिला, आणि भर मांडवात म्हणाल्या, "वहिनी, लई खुलली ओ तुमाला! कुठून आनली?"

आपणच दिलेली साडी नणंदबाईंनीही कधी उलगडली नव्हती, म्हणोन ओळखली नाही. केसरबाई शांतपणे बोलल्या, "चौसाळ्याच्या विहीणबाईनं आनली." त्या गलक्यात मुंजाजी दचकून जागे जाहले आणि सवयीने माइक ओढून पुकारते जाहले की, चौसाळेकर पाहुण्यांकडून मानाची साडी! टाळ्या पडल्या. सुपारीच्या आधीच केसरबाई चारचौघांत विहीणबाई म्हणाल्या, हे आधी बाईसाहेबांच्या ध्यानात आले आणि मग रावांच्या.

पुढे तह जाहला. कलम पहिले, सुपारी येत्या रविवारी चौसाळ्यास फोडावी. कलम दुसरे, केसरबाईंच्या खास हुकुमाने, उभय घरांत साडी, टॉवेल, टोपी यांचे देणे-घेणे आजपासून बंद. येताना रिकाम्या हाताने यावे आणि पोटभर जेवून जावे. मोहनराव झोप झाल्याने खुशीत होते, त्यांनी पुसिले की, प्राध्यापकसाहेब, चलनच बंद केले, आता तुमचे शास्त्र यावर काय म्हणते? रावांकडे यावर पाऊण तासाचे उत्तर तयार होते. त्यांनी तोंड उघडिले, समोर बाईसाहेब दिसल्या, आणि मग त्यांनी उघडलेल्या तोंडात पेढा घातला.

परतीस गेवराई ओलांडल्यावर बाईसाहेबांनी कन्येस फोन लाविला आणि रविवार सांगितला.  पलीकडे पोर हसली, गाडीत सर्वांस ऐकू आले. आणि मग तिने भीत भीत विचारिले की, मम्मी, पप्पांनी तिथं अर्थशास्त्र काढलं का गं?

राव खिडकीबाहेर पाहू लागले. बाईसाहेब त्यांच्याकडे पाहून बोलल्या, "काढलं. पन आज कामी आलं."

येणेप्रमाणे उमापूरची मोहीम फत्ते जाहली. सोयरीक राखिली, साडी अंगास लागली, जामदारखाना पूर्ववत जाहला, सेवकास त्याची बंदी जाहली. बावीस वर्षांच्या नोकरीत सेवकाच्या शास्त्रास मिळालेले हे पहिले प्रशस्तिपत्र. त्यातला 'आज' हा शब्द गाळावा ऐसी विनंती बाईसाहेबांस केली होती, ती नामंजूर जाहली. म्हणोन तो होता तैसाच नोंदविला आहे. लेखनावधि.