फुकटचं विमान

पैसे मोजून विमानाचं तिकीट काढणारी माणसं भोळी असतात, असं गेल्या वर्षी तीन महिने माझं ठाम मत होतं. ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. हल्ली दाखवत नाही. का, ते सांगतो.

आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी टेलिफोनवर बसतो. लिफ्ट दुरुस्त करता येत नाही मला. कुठे लिफ्ट अडकली की आतल्या माणसाचा फोन घ्यायचा, "शांत राहा, आमचा माणूस निघालाय," असं सांगायचं आणि मग माणूस शोधायला लागायचं! एकवीस वर्षं हेच करून माझ्या आवाजात असा काही भरवसा आलाय, की घरचेही त्याला फसतात.

त्या वेळी बायको फसली. तिची थोरली बहीण, आमची ताई, विमानाने चार तासांवर राहते. एकटीच. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तारीख मिळाली होती सतरा. बायको दवाखान्यात एक्स-रे काढते. ताईच्या गुडघ्याचा एक्स-रे तिने फोनवर मागवून घेतला, बराच वेळ बघितला आणि मला म्हणाली, "सोळाला मी तिथे हवी. ताई शुद्धीवर येईल तेव्हा तिला समोर मी दिसले पाहिजे. लहानपणी माझे टॉन्सिल काढले, तेव्हा ती दाराशी बसून होती. हललीसुद्धा नव्हती."

"जा की मग," मी म्हणालो.

"तिकीट काढू या आजच. आत्ता स्वस्त आहे."

"अगं, थांब. तीन महिने आहेत. पैसे कशाला घालवायचे? मी फुकट काढतो."

"नक्की?"

"शांत राहा. तिकीट निघालंय," मी म्हणालो. लिफ्टवाल्या आवाजात!

फुकट तिकिटाचं हे खूळ माझ्या डोक्यात घातलं होतं मैलोबाने. मैलोबा आमच्या ऑफिसात सुट्या भागांच्या स्टोअरवर असतो. कुठलाही खर्च तो विमान कंपन्या बक्षीस म्हणून देतात त्या मैलांत मोजतो, म्हणून हे नाव. घरून डबा आणायला विसरला आणि बाहेर जेवला, तरी परत येऊन "अठरा मैल जमले" म्हणतो.

"सोपं आहे," तो मला म्हणाला. "नवीन क्रेडिट कार्ड घ्यायचं. नव्वद दिवसांत ठरलेला खर्च केला की बक्षिसाचे पॉइंट. दोन पॉइंटांचा एक मैल, पण योजना चालू असताना बदलले तर तीन पॉइंटांचे दोन. मैल साठले की तिकीट फुकट."

"आणि मैल म्हणजे तेवढं अंतर ना?"

"छे! मैलाचा अंतराशी काय संबंध?"

मला काही कळलं नाही. पण आपल्याला कळत नाही म्हणजे त्यात काहीतरी मोठं असणार, असं मला नेहमीच वाटत आलंय. मी त्याच संध्याकाळी अर्ज भरला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी दाखवीन तिथे सह्या केल्या. कार्डं दोन आली, एक अण्णांच्या नावाचं, एक माझ्या. अण्णांनी आपलं कार्ड वाचत होते त्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं.

अडचण एकच होती. ठरलेला खर्च आमच्या घराच्या बापजन्मात झाला नव्हता. आम्ही झिजलेल्या साबणाचा तुकडासुद्धा नव्या वडीला चिकटवणारी माणसं!

"मग दुसऱ्यांचा खर्च आपल्या कार्डावर करायचा," मैलोबाने आडवाट दाखवली. "त्यांच्याकडून रोख घ्यायची. पॉइंट आपले."

झालं! मी लोकांच्या खर्चावर टपून बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाईंची दाढ दुखत होती आणि त्या पुढच्या महिन्यात बघू म्हणत होत्या. "दाढ अशी अंगावर काढू नये," मी कळवळून म्हणालो आणि त्यांना दंतवैद्याकडे घेऊनच गेलो. इतका मायाळू शेजारी पाहिला नाही, असं त्या अजून सांगतात. खालच्या शिंपीमास्तरांना शिलाई मशीन घ्यायचं होतं. दुकानात मी त्यांच्याआधी पोचलो. आठ दिवसांनी मास्तरांनी "पायाला बसत नाही" म्हणून ते परत केलं, आणि माझे पॉइंटही मशीनच्या मागोमाग गेले. मग मी चपलांच्या दुकानाची भेटकार्डं घेतली, कारण तिथे म्हणे पाचपट पॉइंट होते. आता आमच्या घरात तीन माणसं आणि चौदा जोड आहेत.

पण दोन महिन्यांत खर्चाचा आकडा गाठला! पंधरा दिवसांत पॉइंट जमा होतील, असं मैलोबाने सांगितलं.

"अहो, तिकीट महाग होतंय रोज," बायको म्हणायची.

"होऊ दे. आपल्याला काय, आपलं फुकट आहे."

मध्येच एकदा अण्णा म्हणाले, "अरे, मला त्या बँकेचे निरोप येतात फोनवर. अभिनंदन म्हणतात."

"भामटे असतात ते, अण्णा. निरोपांना अजिबात उत्तर द्यायचं नाही."

"कागदही आलाय. छापील, रंगीत."

"हो, हो," मी म्हणालो. माझं लक्ष तीनाला दोन की दोनाला एक या हिशेबात होतं. थोड्या दिवसांनी अण्णांच्या खाटेखाली एक भलामोठा खोका दिसायला लागला. काय आहे विचारलं, तर "तू तुझं बघ," म्हणाले. मी माझंच बघत होतो.

नऊ तारखेला, म्हणजे जायच्या आठवडाभर आधी, मी बायकोला टेबलाशी बसवलं, ऐटीत फोन उघडला आणि तिच्यासमोर धरला. पॉइंट शून्य होते. मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. तरी शून्य.

बायको रोज माणसांच्या आतलं बघणारी. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मोडलंय कुठे ते मला कळलं.

मी बँकेच्या मदतक्रमांकावर फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक बाई आल्या. मी सगळं सांगितलं.

"शांत राहा, सर. आमचा माणूस बघतोय."

मी हादरलो. या वाक्यात किती दम असतो, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

"पॉइंट मुख्य कार्डधारकांकडे जमा झालेत, सर," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"मुख्य मीच आहे."

"नाही सर. आपण पुरवणी आहात."

"मी पुरवणी? मग मुख्य कोण?"

"ते गोपनीय असतं, सर."

म्हणजे मी कुणाची तरी पुरवणी होतो, आणि कुणाची ते मलाच सांगायची सोय नव्हती. डोकं पार चक्रावलं. मला भलभलत्या शंका यायला लागल्या. मशीन परत करताना मास्तरांनी कुठल्यातरी कागदावर सही केली होती, ते आठवलं. तसाच खाली धावलो.

"मास्तर, खरं सांगा, तुम्ही मुख्य आहात का?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने माझा अर्ज शोधून काढला आणि टेबलावर माझ्याकडे फिरवला. अक्षर माझंच होतं. पहिलं नाव अण्णांचं, त्याखाली माझं.

त्याचं काय आहे, आमच्या घरात कुठल्याही कागदावर पहिलं नाव थोरल्याचं लिहायचं, ही लहानपणापासूनची शिस्त आहे. वीज अण्णांच्या नावावर, वाचनालय अण्णांच्या नावावर, धुण्याच्या मशीनची गॅरंटी अण्णांच्या नावावर. 'नाव' हा शब्द दिसला की माझा हात आपोआप अण्णांचं नाव लिहितो. मी दाखवीन तिथे अण्णांनी सही केली, आणि मी मुख्य सहीची जागा दाखवली होती! दोन महिने मी अण्णांसाठी शेजारणीच्या दाढा काढत हिंडलो.

पण एका अर्थी जीव भांड्यात पडला. पॉइंट घरातच होते. मी जवळजवळ पळत घरी आलो.

"अण्णा, तुमच्याकडे पॉइंट आहेत!"

"होते," अण्णा म्हणाले.

वाकून त्यांनी खाटेखालचा खोका ओढला. आतून बॅग निघाली. निळी, चार चाकांची, प्रवासाची.

"सूनबाई ताईकडे जायचीय ना," अण्णा म्हणाले. "तिच्या बॅगेची चेन तुटलीय, दोरीने बांधते ती. म्हटलं, आयत्या वेळी देऊ. पॉइंटांवर काय काय मिळतं ते त्या छापील कागदावर होतं; खालच्या कुपनात बॅगेवर खूण केली, फाडून पोस्टात टाकलं. आली."

"मी सांगितलं होतं ना, उत्तर देऊ नका म्हणून?"

"निरोपांना नाही दिलं. कागदाला दिलं."

ही बॅग परत करता येईल का, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात बायको आतून आली. तिने बॅगेवरून हात फिरवला, एकदा पुढे ढकलून बघितली आणि "किती छान आहे हो, अण्णा," म्हणाली. प्रश्न मी गिळला.

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "मला फुकट नको होतं हो," ती म्हणाली. "मला सोळा तारीख हवी होती."

मला मनापासून लाज वाटली. इतक्या वर्षांत लिफ्टमध्ये अडकलेल्या किती जणांना मी माणूस निघालाय म्हणून सांगितलं असेल, पण घरातल्या माणसाला अडकवून ठेवल्याचं तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

सोळाच्या विमानात तीनच जागा उरल्या होत्या. भाव असा, की त्यात तीन महिन्यांपूर्वी आम्ही दोघं जाऊन आलो असतो आणि बॅगही विकत घेतली असती. मी निमूटपणे कार्ड काढलं आणि तिकीट घेतलं.

सतरा तारखेला संध्याकाळी तिचा फोन आला. "ताईने डोळे उघडले. विचारलंन, किती वेळ बसलीयस? म्हटलं, हललेसुद्धा नाही." मग ती रडायला लागली, आणि इकडे मीही थोडा.

फोन ठेवला तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, निरोप वाचला, पुस्तकातून तो छापील रंगीत कागद काढून मांडीवर पसरला आणि बोटाने मोजत बसले.

"तिकिटाचे पॉइंट आले बरं का," ते म्हणाले. "आणखी कुणाला कुठे धाडायचं असेल तर बघ. छत्रीला थोडे कमी पडताहेत."