दोन जावयांच्या फुकट पहाऱ्याची हकिगत

॥ श्री ॥

उंदरावर बैसोन जो त्रैलोक्य हिंडतो, आणि उंदराच्याच नावाचे यंत्र हाती धरून बसलेल्यांची विघ्ने वारता वारता ज्यास अलीकडे घटकाभर उसंत नाही, त्या गजाननास दंडवत घालून ही हकिगत लिहिली. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, अधिक श्रावण मास, ते समयी घडले वर्तमान ऐसे की,

कोणे एके शहरी, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, एक लहानसे राज्य नांदत होते. धनी मुकुंदराव, पाटबंधारे खात्याची चाकरी पुरी करून पेन्शनीवर बैसलेले, आणि राणी शरयूबाई. दोन लेकी उजवून दिल्या, थोरले जावई श्रीनिवासराव आणि धाकटे हेरंबराव, दोघेही संगणकाचे जाणते, ऐसे भाग्य. मुकुंदरावांचा स्वभाव म्हणावा तर सोन्याचा, परंतु कोणाचे मन मोडणे त्यांस महापातक वाटे. चाकरीत असता पाण्यावरून दोन गावे भांडत आली तर दोन्ही गावांस "तुमचं खरं आहे" म्हणून चहा पाजून वाटेस लावीत, आणि मग दोन्ही गावे मिळून त्यांसच शिव्या देत. राज्याचा कोट म्हणजे बैठकीतला संगणक, आणि त्या कोटात ठेवा एकच. शरयूबाईंचा गळा गोड, त्या भूपाळ्या म्हणत, ओव्या म्हणत, नातवंडांस अंगाई म्हणत, आणि मुकुंदराव ते सारे संगणकात धरून ठेवीत, आणि धाकट्या लेकीने कॉलेजात असता हाताने केलेल्या एका प्रोग्रामात ती सर्व गाणी बांधून ठेविली होती, की बटण दाबावे आणि आईने गावे. मग गळ्याचे दुखणे उद्भवले, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, जीव वाचला आणि आवाज गेला. ओठ हालत, श्वास फुसफुसे, कान जवळ नेला तर शब्द कळे, न नेला तर नाही. तेव्हापासून मुकुंदरावांनी सकाळी उठून स्वहस्ते चहा करावा, संगणक लावावा, भूपाळी ऐकावी, डोळे मिटावे आणि म्हणावे, "काय आवाज होता!" आणि शरयूबाईंनी समोर बसून बशीतला चहा प्यावा, ऐसा नेम पडला.

ऐसियास शेजारच्या राज्यावर धाड आली. तेथील कुलकर्णी यांनी विजेचे बिल म्हणून आलेली मेल उघडली, आणि आत पेंढारी होते. त्यांनी कोटातील एकूणएक फोटोंस कुलूप घातले आणि खंडणी मागितली. कुलकर्णी वहिनी लेकाच्या मुंजीचे फोटो गेले म्हणून जिन्यात बसून रडल्या. ते पाहून मुकुंदरावांस आपला ठेवा आठवला. फोटो गेले तर दुसऱ्या कोणाकडे सापडतील, परंतु हा आवाज जगात दुसरीकडे कोठेही नाही, आणि पुन्हा निघावयाचा नाही. मग त्यांनी निश्चय केला की कोटास पहारा बसवावा, आणि फुकट मिळत असता पैका का वेचावा, म्हणून फुकटचाच बसवावा. आणि अधिक महिन्याचे जेवण तोंडावर आले होते, दोन्ही जावई वाण घेण्यास येणार, तेव्हा त्यांचीच मसलत घ्यावी.

मग तो दिवस उगवला आणि पंगत बसली. धोंडे वाढले, तूप वाढले, आणि मुकुंदरावांनी विषय काढला. श्रीनिवासराव बोलिले, "बाबा, माझ्या लॅपटॉपवर आहे तोच अँटिव्हायरस टाकून देतो. फुकट आहे, पण काम चोख."

हेरंबरावांनी घास थांबविला आणि बोलिले, "तो? अहो, तो मशीनचं रक्त पितो. बाबा, मी सांगतो तो टाका. इतका हलका, की आहे हे कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

"हलकं ते हलकंच असतं, हेरंबराव."

"आणि जड असतं ते कामाचंच असतं असं नाही."

ऐसी तलवारीस तलवार भिडली. इतक्यात शरयूबाई वरण घेऊन बाहेर आल्या, उभ्या राहिल्या, आणि काही बोलिल्या. डोईवर पंखा गरगरत होता आणि जावयांचा वाद रंगात आला होता, त्यामुळे त्या काय बोलिल्या हे कोणी ऐकिले नाही, म्हणून बखरीत लिहिले नाही. मुकुंदराव मात्र घामाघूम जाहले. वाण देताना थोरल्यास आणि धाकट्यास अनारसा उणा-अधिक होऊ नये म्हणून ज्यांनी दोन वेळा ताटे तपासली, ते एकाचा पहारा ठेवून दुसऱ्याचा परत कैसा पाठवितील? मग त्यांनी निवाडा दिला, "दोन्ही टाका. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा." दोन पहारे एका संगणकात नांदत नाहीत हे उभयता जावयांस पुरते ठाऊक होते; परंतु ते सांगावे तर माघार कोणाची, हा प्रश्न उभा राहतो, म्हणून दोघेही "चालेल की" म्हणाले आणि अनारसे खाऊ लागले. शहाणपण पुष्कळ होते, परंतु ते मानापुढे पाटाखाली जाऊन बसले.

मग दोन्ही पहारेकरी कोटात शिरले. कोट बांधणाराने मूळचा एक पहारेकरी आत ठेविलाच होता, तो बिचारा अबोल, कोणाची शिफारस नाही, म्हणून कोणी त्यास पुसले नाही. नवे आले ते पाहून तो मुकाट्याने बाजूस झाला. आणि मग काय सांगावे! थोरल्याच्या पहारेकऱ्याने धाकट्याच्या पहारेकऱ्यास पाहिले आणि चोर म्हणून आरोळी ठोकली, आणि धाकट्याच्याने थोरल्याच्याची मानगूट धरली, आणि दोघेही एकच फाईल दोहों बाजूंनी ओढू लागले, आणि संगणक ऐसा मंदावला की मुकुंदराव बटण दाबून स्नान करून येत तरी पडदा काळाच. शिवाय घडोघडी दोघेही नौबत वाजवीत, की धोका आहे, मोल भरा, म्हणजे खरा पहारा देऊ. विचार करणाराने येथे विचार करावा की ज्यास आपण पगार देत नाही तो पहारेकरी जेवतो कोठे? कोणी दारी उभा राहून आपणासच मागतो, कोणी आपण कोठे जातो-येतो ते पाहून बाहेर विकतो, आणि कोणी खरोखर सज्जन असतो. परंतु दारात उभे असता तिघेही सारखेच दिसतात. मुकुंदरावांनी हा विचार केला नाही. ते म्हणत, इतकी आरडाओरड आहे त्याअर्थी पहारा कडक असला पाहिजे.

मग एके सकाळी चहा जाहला, बटण दाबिले, आणि भूपाळी आली नाही. लेकीचा तो प्रोग्राम घरगुती बनावटीचा, त्यावर कोण्या कंपनीचा शिक्का नाही, म्हणून थोरल्याच्या पहारेकऱ्याने त्यास पेंढारी ठरवून, मुसक्या बांधून कैदेत टाकिले होते. मुकुंदरावांनी बटण पुन्हा पुन्हा दाबिले. आवाज दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेस आपल्या हाताने गेला, ऐसे त्यांचे मनी आले, आणि त्यांस रडू कोसळले. रडण्यामागून संताप आला. संताप हा त्या घरी क्वचितचा पाहुणा, आला म्हणजे त्याचे काय करावे हे धन्यास कळत नसे. ते ओरडले, "दोघेही चालते व्हा इथून!" आणि थोरल्याचा पहारा मुळासकट काढावयास बसले. तेव्हा पडद्यावर प्रश्न उमटला आणि खाली 'हो' म्हणून भले मोठे हिरवे बटण आले. मुकुंदरावांनी माऊस नेला, बोट उचलले, आणि इतक्यात मागून शरयूबाईंनी त्यांचे मनगट ऐसे घट्ट धरिले की बांगडी रुतली. आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पडद्यावरची बारीक अक्षरे दाखविली. लिहिले होते की पहारा काढताना कैदेतील सर्व फायली कायमच्या नष्ट होतील.

मुकुंदरावांनी ते वाचिले आणि माऊस सोडून दिला. मग उभयतांनी शांतपणे बसून आधी कैदखाना शोधिला, बंदिवान सोडविला, त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन देवघरात ठेविली, आणि मग दोन्ही पाहुण्यांस निरोप दिला. ते जाताच मूळचा पहारेकरी आपला आपण पुढे आला आणि दारात उभा राहिला, नौबत नाही की आरोळी नाही. शरयूबाईंनी त्यासच बजाविले की हा सोडवून आणिलेला प्रोग्राम आपल्या घरचा आहे, यास हात लावू नको. मग बटण दाबिले, आणि भूपाळी सुरू जाहली.

मुकुंदराव डोळे पुसत म्हणाले, "वाचलं गं! पण तुला दिसत होतं, तर आधी बोलायचं नाहीस का?"

शरयूबाईंनी त्यांचे कानाशी तोंड नेले आणि बोलिल्या, "केव्हाची बोलतेय मी, अहो. मागे उभी राहून थांबा थांबा म्हणत होते. जेवणाच्या दिवशी एकच ठेवा म्हटलं होतं. आणि ही रोज सकाळी गाते ना, तेव्हाही मी बोलत असते."

गाणे चालले होते, सुरेल, निर्मळ, आणि त्या गाण्यामागे आपली बायको वर्षभर एकटी चहा पीत बसली होती हे मुकुंदरावांस त्या क्षणी कळले, आणि फार वाईट वाटले. मग त्यांनी स्वहस्ते गाणे थांबविले, आणि उठून पंखा बंद केला, आणि खुर्ची ओढून तिच्या खुर्चीस भिडविली, आणि म्हणाले, "काय म्हणत असतेस सकाळी?"

शरयूबाई बोलिल्या, "चहात साखर फार घालता. वर्ष झालं सांगतेय."

येणेप्रमाणे त्या राज्यातील पहाऱ्याचे प्रकरण निकालात निघाले. सारांश इतकाच, की कोटास पहारेकरी एकच असावा, तो ठेवण्यापूर्वी घरचा कोणी उभा आहे काय ते पाहावे, आणि ठेवा ज्याचा त्यास आधी पुसावे. जावयांस हे वर्तमान अद्याप कोणी कळविले नाही. उभयता आपापला पहारा चोख चालला आहे ऐसे समजून सुखी आहेत. गाणी कोटात सुखरूप आहेत, शरयूबाईंची मर्जी असेल त्या दिवशी लागतात. सकाळी पंखा बंद असतो, आणि चहा अगोड असतो. लिहिणाराचे काम संपले, वाचणाराने आपल्या घरी कान द्यावा.