काळ्या चषकाचं अपहरण

आपल्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो आणि त्या शतकाचं नशीब फारच जोरावर असेल, तर तो सरकारी हायस्कुलात इतिहास शिकवतो, असं दाजींचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. आपली नजर भिंतीपलीकडचं पाहते, असं ते सांगत. भिंतीअलीकडचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

त्यांचा सहायक म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पोटापाण्यासाठी तो त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायचा आणि बहिणीच्या संसारात शांतता नांदावी म्हणून गुन्हे शोधायचा. शाळेत 'सर' आणि घरी 'दाजी' म्हणायचं, असं ठरलं होतं. घाबरला की तो 'दाजीसर' म्हणे.

त्या दुपारी तो धावत येऊन 'दाजीसर' म्हणाला, कारण शाळेचा चषक गेला होता.

हा चषक फार वर्षांपूर्वी रिले शर्यतीत मिळालेला. शाळेला दुसरं कधी काही मिळालंच नाही. शर्यतीचा शेवटचा टप्पा खुद्द मुख्याध्यापक धावले होते, तेव्हा ते याच शाळेत दहावीत होते आणि त्यांना केस होते. परीक्षेला जाताना त्या चषकाला हात लावायचा, अशी मुलांत पद्धत पडली आणि ती आजूबाजूच्या वस्तीतही पसरली. बेकरीवाल्याची सून नोकरीच्या मुलाखतीआधी हात लावून गेली, टेम्पोवाला लायसन्सच्या आधी. शाईचे, तेलाचे, ग्रीसचे हात लागून लागून चषक डांबरासारखा काळा झाला होता. धुवायची कुणाची छाती नव्हती. धुतला तर गुण जातात, असं मुलं म्हणत आणि न धुताही ज्यांचे गेले होते ते गप्प बसत.

संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. चषकावर हात ठेवून मुख्याध्यापक भाषण करणार होते. कपाटाची किल्ली होती खेळाच्या बाईंकडे. बाई इथे किती तरी वर्षं हंगामी होत्या आणि त्यांना कायम करण्याचा हुकूम नेमका आजच मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीला आला होता. चषक आधी, सही नंतर, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं. बाईंनी शिट्टी मुठीत धरली ती सोडलीच नाही.

कपाटात काळा चषक नव्हता. त्याच्या जागी एक चकचकीत चषक उभा होता.

दाजींनी प्रयोगशाळेचं भिंग लावून तो पाहिला. जुना नेऊन नवा ठेवणारा चोर म्हणजे श्रीमंत चोर, हे त्यांनी लगेच ओळखलं. शिवाय काळं पडलेलं उपटून तिथे चकचकीत बसवायचं, हा धंदा कुणाचा? समोरच्या दातांच्या डॉक्टरचा. संशय येऊ नये म्हणून मेहुण्याला पेशंट करून खुर्चीत बसवण्यात आलं आणि दाजींनी तेवढ्यात दवाखान्याची कपाटं उघडून पाहिली. चषक मिळाला नाही. मेहुण्याची दाढ मात्र गेली.

परत आल्यावर दाजींना चषकावर कोरलेली अक्षरं दिसली. 'रिले शर्यत. उत्तेजनार्थ.' ते समाधानाने हसले. आपला चषक पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे हा दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा. इतकी वर्षं जळून जळून अखेर त्यांनी अदलाबदल केली. त्यांनी पलीकडच्या शाळेला फोन लावला. आम्ही तेव्हा शाळाच काढली नव्हती, असं तिकडून उत्तर आलं. "बघ," दाजी मेहुण्याला म्हणाले, "किती आधीपासून तयारी."

शेवटी साक्षीदाराला बोलावलं. भांड्यांच्या दुकानाच्या काकू, मुलगा नववीत. शनिवारी पालकांनी मिळून शाळा झाडली-पुसली, तेव्हा खेळाची खोली, उघड्या कपाटासकट, काकूंच्या वाट्याला आली होती.

"विचारलं तेवढंच सांगायचं," दाजी म्हणाले. "कुणी लंगडा माणूस दिसला?"

"नाही. पण तो चषक ना—"

"विचारलं तेवढंच."

दाजींनी लंगड्यानंतर काण्याचं विचारलं, मग नकली दाढीचं. काकू सगळ्याला नाही म्हणाल्या आणि सभागृहात जाऊन बसल्या.

संध्याकाळी सभागृह भरलं. पडद्यामागे मुख्याध्यापक, दाजी, बाई आणि टेबलावर तो परका चषक. हुकूम बाजूलाच होता, बिनसहीचा. बाईंचा चेहरा मेहुण्याला बघवेना. तो सुजलेला गाल धरून काकूंना आत घेऊन आला आणि जमेल तितक्या स्पष्टपणे म्हणाला, "काकू, तुम्ही मघाशी काय सांगत होता?"

"अहो, तोच आहे तो," काकू म्हणाल्या. "मीच घासला. काय ती भांड्याची अवस्था, मला बघवेना."

सगळे वाकले. अक्षरं सगळ्यांनी वाचली. दाजींनी चष्मा काढून पुसला आणि घातलाच नाही.

"हा आपला नाही," मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

मेहुण्याला एकदम सगळं कळलं. चषक आपला म्हटला, तर मुख्याध्यापक आयुष्यभर सांगत आले ती जिंकलेली शर्यत गेली. नाही म्हटला, तर बाईंची नोकरी गेली. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. बाईंनी हुकूम चार बोटं पुढे सरकवला.

काकूंना वाटलं, काम पसंत पडलं नाही. त्या वरमून म्हणाल्या, "घाई झाली त्या दिवशी. अजून थोडा जोर लावला असता, तर ती अक्षरंही निघाली असती."

मुख्याध्यापकांनी मान वर केली. "निघतील?"

"न निघायला काय झालं? वरवरचं तर कोरलंय."

"मग हा आपलाच आहे," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी एका दमात सही केली.

बाईंनी हुकूम घेतला, घडी घातली, आणि मग कुठे शिट्टी खिशात टाकली. दाजींनी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की, साक्षीदाराला आधी मुद्दाम दाबून ठेवलं की तो असा वेळेवर फुटतो. मेहुण्याचा गाल दुखत होता.

मुख्याध्यापक भाषणाला उभे राहिले. चषक थोड्याच वेळात येतो आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मग सावकाश, अगदी सावकाश, त्यांनी शर्यत सुरू केली. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. पडद्यामागून खसाखसा आवाज येत होता. तिसऱ्या टप्प्यात त्यांनी आभाळ कसं होतं तेही सांगितलं. मग काठी त्यांच्या हातात आली, ते धावत सुटले, एकेकाला मागे टाकत सुटले, आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे येऊन, श्वास रोखून, पडद्याकडे बघत थांबले.

काकूंनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "झालं, सर. या पुढे."